तंबूतली ऊब कोणाची?

डिसेंबर-जानेवारीतला शनिवार आला की पुण्यातून पवना धरणाच्या काठाकडे गाड्या निघतात. शेकोटी, गप्पा, मग तंबू. पहाटे तीनच्या सुमारास अनेकांना हुडहुडी भरते आणि सकाळी खापर फुटतं ते तंबूवर: "कापडच पातळ होतं."

मुळात तंबू ऊब देतो हाच गैरसमज. तंबू काय, गोधडी काय, स्लीपिंग बॅग काय, कुणीच उष्णता तयार करत नाही. रात्रभर गार पडलेली गोधडी अंगावर ओढली की आधी शहाराच येतो. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेल्या त्या गोधडीचं खरं काम हवा अडवून धरण्याचं. उष्णता येते माणसाकडून. झोपलेला प्रौढ माणूस साधारण ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या पिवळ्या साठच्या बल्बपेक्षा थोडी जास्तच.

दोघांच्या तंबूत हवा जेमतेम अडीच घनमीटर. उष्णता कुठे निसटलीच नाही, तर दोन माणसं ही हवा वीसेक सेकंदांत एक अंशाने तापवतील. दहा बाय दहाच्या खोलीत हवा दहापटीहून अधिक, शिवाय विटांच्या भिंती उष्णता पितात. म्हणूनच जागा लहान असेल तर ऊब लवकर जाणवते, हे खरं.

पण रात्रभर तंबू तापतच जातो, हे खरं नाही. पातळ नायलॉनमधून उष्णता जवळपास तितक्याच वेगाने बाहेर जाते, त्यामुळे फरक थोड्याच अंशांचा राहतो. निरभ्र रात्री कापड आकाशाकडे उष्णता फेकून स्वतःच गार पडतं. झाडाखाली लावलेला तंबू त्यामानाने बरा. आणि अंगावर दोन पांघरुणं घेऊन खाली पातळ चटई अंथरणाऱ्याची ऊब जमीन ओढून घेते. आधी खालचं अंथरूण जाड हवं.

सगळ्या चेन घट्ट लावणं तर उलटच पडतं. श्वासातली वाफ गार कापडावर साचते, थेंब पडतात, "तंबू गळतो" अशी तक्रार होते. ओलसर पांघरुणात हवा नीट अडकत नाही आणि थंडी वाढते. वरची झडप थोडी उघडी असलेली चांगली.

सर्वांत घातक समज म्हणजे निखाऱ्यांची शेगडी आत घेतली की काम झालं. पुण्यात पारा दहाच्या खाली येतो. १७ जानेवारी १९३५ ला तो १.७ अंशांपर्यंत उतरला होता. तरीही कोरडे कपडे, जाड अंथरूण आणि चांगलं पांघरूण असेल, तर इथल्या थंडीला अंगाची ऊब पुरते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येतेच असं नाही.

तंबूत, गाडीत, बंद खोलीत शेगडी नेऊ नका. कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा.