शिल्लक आणि उत्पन्न

एखाद्या गृहस्थाच्या पेटींत वर्षारंभीं १०० रुपये होते आणि वर्षअखेरीसहि १०० च निघाले, तर त्यानें वर्षभर कांहींच मिळविलें नाहीं, असें कोणी म्हणेल काय? पाण्यांतील प्राण्यांविषयीं मात्र ही चूक सहज होते. म्हणून त्यांचें उत्पन्न कसें काढतात, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

अशी कल्पना करूं कीं, एका तळ्यांत एकाच वेळीं जन्मलेलीं १,००० माशांचीं पिलें असून प्रत्येकाचें सरासरी वजन २ ग्रॅम आहे. सर्व मासे पकडणें अशक्य. म्हणून कांहींना खूण करून सोडतात व पुढील खेपेस जाळ्यांत खुणेचे किती आले, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. अशा मोजणींत पुढें क्रमानें ५ ग्रॅमचे ६००, १० ग्रॅमचे ३०० आणि शेवटीं २० ग्रॅमचे १०० मासे आढळले. आरंभीं एकंदर वजन २,००० ग्रॅम, अखेरीसहि २,००० ग्रॅमच! मग उत्पन्न शून्य काय?

आतां प्रत्येक टप्प्यांतील सरासरी संख्येस त्या टप्प्यांतील वजनवाढीनें गुणूं. ८०० गुणिले ३ म्हणजे २,४००. ४५० गुणिले ५ म्हणजे २,२५०. २०० गुणिले १० म्हणजे २,०००. बेरीज ६,६५० ग्रॅम! जे मासे मध्यंतरीं मेले किंवा इतरांच्या भक्ष्यस्थानीं पडले, त्यांनीं मरणापूर्वीं केलेली वाढहि हींत आली.

मेलेल्यांचा असा हिशेब डेन्मार्कच्या लिमफ्योर्ड खाडींतील तळाच्या प्राण्यांविषयीं बॉयसेन-येन्सेन यांनीं १९१९ सालीं मांडला. पुढें न्यूझीलंडमधील होरोकिवी ओढ्यांतील ट्राऊट माशांवर के. आर. अॅलन यांनीं १९५१ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबानें ट्राऊट वर्षभरांत जें अन्न खात, तें ओढ्याच्या तळाशीं कोणत्याहि एका वेळीं सांपडणाऱ्या प्राण्यांच्या कितीतरी पट भरलें. या कोड्याचा कांहीं उलगडा असा कीं, ते लहान जीव वर्षभर खाल्ले जात असतां वर्षभर नवे वाढतहि असतात. शिवाय मोजणाऱ्याच्या जाळ्यांतून सूक्ष्म जीव निसटतात.

विद्यार्थिमित्रहो, तळ्यांतून किती मासे काढावे, हें केवळ आज दिसणाऱ्या शिलकेवरून ठरवूं नये. उत्पन्नाहून अधिक काढणारा मुद्दल खातो. आणि त्या उत्पन्नांतहि बगळ्यांचा व मोठ्या माशांचा वांटा आधींच असतो.