जीस्ट्रीमर प्लगइन

जीस्ट्रीमर प्लगइन हा जीस्ट्रीमर या मुक्तस्रोत बहुमाध्यम सॉफ्टवेअर-चौकटीला नवी क्षमता देणारा स्वतंत्र भाग होय. जीस्ट्रीमर प्रकल्प एरिक वॉल्थिन्सेन यांनी १९९९ मध्ये सुरू केला, त्याची १.० ही आवृत्ती सप्टेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. चौकटीच्या गाभ्याला कोणत्याही ध्वनी वा चित्रस्वरूपाचे ज्ञान नसते. फाइल वाचणे, संकुचित माहिती उलगडणे, ध्वनी ऐकवणे ही सर्व कामे प्लगइनांवर सोपवलेली असतात.

रचना

प्लगइन ही गरजेनुसार लोड होणारी लायब्ररी असून तिच्यात एक वा अनेक 'एलिमेंट' असतात. एलिमेंट परस्परांना 'पॅड'द्वारे जोडले जातात. सोर्स पॅडमधून माहिती बाहेर पडते, तर सिंक पॅडमधून ती आत येते. अशा जोडणीतून 'पाइपलाइन' तयार होते. उदाहरणार्थ, ऑग व्हॉर्बिस गीत ऐकताना पहिला एलिमेंट फाइल वाचतो, दुसरा ऑग वेष्टनातून ध्वनिप्रवाह वेगळा करतो, तिसरा तो उलगडतो आणि शेवटचा ध्वनियंत्रणेकडे पोहोचवतो.

लेखनपद्धती

प्लगइन बहुधा सी भाषेत, जीऑब्जेक्ट प्रणालीच्या आधारे लिहिले जाते. स्रोत, रूपांतर व अंतिम एलिमेंट यांसाठी तयार मूलवर्ग उपलब्ध असल्याने लेखकाला केवळ विशिष्ट प्रक्रियाच लिहावी लागते. प्रत्येक पॅड कोणती स्वरूपे स्वीकारतो, हे 'कॅप्स'द्वारे घोषित करावे लागते. शेजारच्या दोन पॅडांत समान स्वरूप न सापडल्यास प्रवाह सुरूच होत नाही. शेवटी प्रारंभ-फलनात एलिमेंटची नोंदणी केली जाते.

दक्षता

एकच बफर पाइपलाइनच्या अनेक शाखांत वापरात असू शकतो. त्यामुळे तो बदलण्यापूर्वी लेखनयोग्य आहे याची खात्री करणे, अन्यथा त्याची प्रत घेणे आवश्यक असते. प्लगइन सामान्यतः मूळ अनुप्रयोगाच्याच प्रक्रियेत चालते. म्हणून त्यातील स्मृतिदोषामुळे संपूर्ण अनुप्रयोग बंद पडू शकतो. अनोळखी व्यक्तीकडून आलेली सदोष फाइल अशा वेळी सुरक्षेलाही धोका ठरते. स्मृतिसुरक्षित रस्ट भाषेतही प्लगइन लिहिण्याची सोय उपलब्ध आहे.

वर्गीकरण

मूलभूत संच 'बेस' या नावाने ओळखला जातो. 'गुड', 'बॅड' व 'अग्ली' ही अन्य संचांची नावे १९६६ च्या प्रसिद्ध इटालियन वेस्टर्न चित्रपटाच्या इंग्रजी शीर्षकावरून घेतली आहेत. 'गुड'मध्ये दर्जेदार व निर्वेध परवान्याची प्लगइन असतात. पुरेसे परीक्षण, दस्तऐवज वा देखभाल नसलेली प्लगइन 'बॅड'मध्ये जातात. 'अग्ली'मधील प्लगइन दर्जाने उत्तम असली, तरी पेटंट वा परवान्यामुळे त्यांच्या वितरणात अडचण येऊ शकते.