जुन्या सैनिकी छायाचित्रांची ओळख

गोंदियाकडील एखाद्या घरीं जुनी पेटी उघडली, किंवा जुन्या बाजारांत कागदांचा गठ्ठा चाळला, कीं कधीं एखाद्या शिपायाचें पिवळें पडलेलें छायाचित्र हातीं येतें. चेहरा करारी; नांव मात्र कोणास ठाऊक नसतें. अशा वेळीं चेहरा मागाहून पाहावा. आधीं पाठ वाचावी.

पाठीवर ‘भंडारा जिल्हा, मध्यप्रांत’ असा पत्ता असला, तर तो बहुधा १९५० पूर्वींचा. त्या वर्षीं मध्यप्रांताचें मध्यप्रदेश झालें. १९५६ सालीं हा भाग मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. गोंदिया जिल्हा तर १९९९ सालचा.

मग टोपी व बाही पाहावी. १९४१ सालीं बेळगांवीं उभ्या राहिलेल्या महार पलटणीच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगांवचा स्तंभ होता. पुढें त्या जागीं कट्यार आली. अंगावर जर्मन गणवेश दिसला, तरी शिपाई परका समजूं नये. सुभाषबाबूंच्या प्रयत्नानें १९४२ च्या सुमारास जर्मनींत हिंदी युद्धकैद्यांची जी पलटण उभी राहिली, तिच्या बाहीवरील ढालींत झेपावणारा वाघ व ‘फ्रायेस इंडियेन’, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान, हीं अक्षरें असत.

परंतु बिल्ला पलटण सांगतो. माणूस सांगत नाहीं. तें काम घरांतील वृद्धांचें. त्यांस विचारून नांव, गांव, नातें पाठीवर पेन्सिलीनें हलकेंच लिहावें, शाई झिरपते. ही विचारपूस उद्यांवर टाकली, तर घरचाच माणूस एके दिवशीं बाजारांत अनोळखी म्हणून विकला जाईल.