आजीचा पाटा आणि चंद्राची साय

अंबाजोगाईला माझ्या माहेरी आईचा पाटा-वरवंटा अजून आहे. काळाकभिन्न, आपल्या बालाघाटच्या डोंगराच्याच दगडाचा. हा बेसाल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर येऊन थिजलेला लाव्हा. कोजागरीच्या रात्री भाचीनं विचारलं, "आत्या, चंद्रावरचे डाग कशाचे गं?" म्हटलं, "आजीच्या पाट्याचे!" ती हसली. पण मैत्रिणींनो, ही थट्टा नव्हे. आपल्याला ससा दिसतो तो काळपट भाग बेसाल्टचाच आहे.

उजळ भागाचा दगड मात्र निराळा, त्याचं नाव ॲनॉर्थोसाइट. त्यात कॅल्शियम, ॲल्युमिनियम भरपूर आणि लोह कमी, म्हणून तो फिका आणि हलका. १९६९ साली अपोलो ११ नं आणलेल्या मातीत याचे पांढुरके कण सापडले. त्यावरून शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, की चंद्रावर सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा समुद्रच होता. दुधावर साय येते तशी, तो रस निवताना हलकी खनिजं तरंगून वर आली, जड तळाला बसली.

एवढी उष्णता आली कुठून? बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढा गोळा पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या तप्त मालातून चंद्र जमला. धरणीमातेचा भाऊ म्हणून आपला मामा, हे काही अगदीच खोटं नाही!

पण शितावरून भाताची परीक्षा करताना शितं तरी हंडीभरची हवीत. तोवरचे नमुने मधल्या पट्ट्यातले. दक्षिण टोकाकडेही साय आहे कशावरून?

२३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान-३ तिकडे, ६९ अंश दक्षिणेला उतरलं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं केलेलं उपकरण प्रज्ञान गाडीवर होतं. प्रत्येक मूलद्रव्य आपापले क्ष-किरण सोडतं, त्यावरून ते ओळखायचं. गाडीनं २३ ठिकाणची माती तपासली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष आले. तिथेही मुख्यतः तीच ॲनॉर्थोसाइटची माती!

फक्त मॅग्नेशियम अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. ते जड खनिजांतलं, त्याची जागा खाली. शास्त्रज्ञांना वाटतं, जवळचं प्रचंड एटकेन खोरं ज्या धडकेनं झालं, तिनंच खोलातलं उकरून इथवर फेकलं.

भाचीला हे सांगितलं तर म्हणते, "म्हणजे सायीत थोडी खरवड मिसळली!"