लाइनबॅकर : पराक्रम आणि किंमत

अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनबॅकर हा बचावाच्या दुसऱ्या फळीचा शिलेदार. चेंडू घेऊन मुसंडी मारणाऱ्याला अंगावर घेऊन आडवे पाडणे, हे त्याचे मुख्य काम. ज्युनिअर सेआऊ याने १९९० ते २००९ असे वीस हंगाम ते केले. २०१२ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. डोक्यावरील वारंवारच्या आघातांशी निगडित असा मेंदूविकार त्याला जडला होता, हे २०१३ मध्ये तपासणीअंती उघड झाले. शिरस्त्राण कवटी वाचवते. आतला मेंदू मात्र हादरतोच. हाच धोका ओळखून २०१५ मध्ये ख्रिस बोर्लंड या चोवीस वर्षांच्या लाइनबॅकरने एकाच हंगामानंतर खेळ सोडला. मित्रहो, वीस हंगाम झुंजणारा शूर खराच. पण वेळीच थांबणाऱ्याला भित्रा म्हणता येईल काय?