वेबसाइटलाही नियम हवेत

जळगाव जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना ‘पीजे’ ठाऊक आहे. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर गाडी. ही छोटी गाडी 2020 पर्यंत धावत होती. तिच्या दोन रुळांमधले अंतर अवघे 762 मिलिमीटर. पाचोऱ्याहून मुंबईला जाणाऱ्या मोठ्या रुळांमधले अंतर 1676 मिलिमीटर. त्यामुळे जामनेरची गाडी पुढे जाऊ शकत नसे. पाचोऱ्याला माणसे उतरायची, डोक्यावर बोचके घ्यायची आणि दुसऱ्या गाडीत बसायची. छोटी गाडी वाईट नव्हती. तिचे माप निराळे होते. पण त्याचा भार पडला प्रवाशाच्या डोक्यावर.

वेबसाइटचेही असेच आहे. ते कसे, पाहू.

आपण मोबाइलवर सातबारा पाहतो, पीकविम्याचा अर्ज भरतो, पोरांचा निकाल पाहतो. ही पाने कोणीतरी लिहिलेली असतात. लिहिणारा नुसता मजकूर लिहीत नाही. तो मजकुराला खुणा करतो. हा मथळा, हा परिच्छेद, हे चित्र, इथे नाव भरा. या खुणा आपल्याला दिसत नाहीत. मोबाइलला त्या समजतात आणि तो त्याप्रमाणे पान मांडतो. खुणांच्या या भाषेला एचटीएमएल म्हणतात.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी ही भाषा तयार केली. लवकरच पाने दाखवणारे निरनिराळे ब्राउझर निघाले. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीच्या खुणा घालू लागली. एका ब्राउझरमध्ये नीट दिसणारे पान दुसऱ्यात मोडू लागले. सगळ्यांचे नियम एक असावेत म्हणून 1994 साली बर्नर्स-ली यांनी डब्ल्यूथ्रीसी नावाची संस्था काढली.

आपल्या मराठीनेही हा त्रास भोगला आहे. पूर्वी मराठी वेबसाइटचे फाँट वेगवेगळे असत. तो फाँट आपल्याकडे नसला, की ‘शेतकरी’ या शब्दाच्या जागी भलतीच चिन्हे दिसत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. ती पद्धत रुळली, तेव्हा हा घोळ मिटला.

आता माझी गोष्ट सांगतो. मला बारीक अक्षर दिसत नाही. मी मोबाइलला पान मोठ्याने वाचायला लावतो. एका कार्यालयाच्या वेबसाइटवर सवलतीच्या अर्जाची सूचना होती. पण ती चित्र म्हणून टाकलेली. चित्रात काय आहे ते शब्दांत लिहायची सोय नियमात आहे. ती कोणी वापरली नव्हती. मोबाइल नुसते ‘चित्र’ म्हणाला आणि पुढे गेला. मला वाटले, शोभेचे चित्र असेल. दोन दिवसांनी शेजारच्या मुलाने सूचना वाचून दाखवली. मुदत आदल्या दिवशीच संपली होती. मी निदान शेजाऱ्याला विचारू शकलो. जो जन्मापासून अंध आहे आणि घरात एकटा आहे, त्याने काय करावे?

काही जण म्हणतात, “गुरुजी, खुणा चुकल्या तरी ब्राउझर सांभाळून घेतो. मग नियमांचा हट्ट कशाला?” गोष्ट खरी आहे. शाळेत मीही सांभाळून घेत असे. पोराने ‘दिन’च्या जागी ‘दीन’ लिहिले, तरी मला समजायचे. पण दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. ज्याला आधी ठाऊक नाही, तो फसणारच. ब्राउझरही अंदाज करतो. पान वाचून दाखवणाऱ्या मोबाइलला मात्र अंदाज पुरत नाही.

फार कडकपणाही कामाचा नाही. 2000 साली एक्सएचटीएमएल नावाची पद्धत आली. ती तंतोतंत पाळली, तर एक कंस चुकला तरी सबंध पान उघडत नसे. ते लोकांना झेपले नाही. नियम शिक्षेसाठी नसतात. वाट सगळ्यांना मोकळी राहावी म्हणून ते असतात.

सरकारी वेबसाइटसाठी आपल्या देशात 2009 पासून मार्गदर्शक नियम आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही माहिती सर्वांना मिळेल अशी ठेवायला सांगितले आहे. म्हणून मागायला लाजू नका. ग्रामपंचायतीचे असो की बँकेचे, पान मोबाइलला वाचता आले नाही, तर तसे लेखी कळवा. “सूचना चित्रात नको, अक्षरांत द्या,” एवढे एक वाक्य पुरे.

पान लिहिणाऱ्याला आपला वाचक दिसत नाही. तो डोळस आहे की अंध, त्याचा मोबाइल नवा आहे की जुना, हे त्याला कळत नाही. म्हणूनच त्याने सर्वांना चालेल असे माप वापरावे. नाहीतर बोचके पुन्हा प्रवाशाच्याच डोक्यावर!