जुन्या मोटारीची उंची कमी करावी काय?

मावळांत एखाद्या जुन्या घराच्या अंगणांत अद्याप पद्मिनी मोटार उभी दिसते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यानें १९६४ सालीं जी फियाट ११०० डिलाइट बाजारांत आणली, तिलाच पुढें पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईंतील पद्मिनी टॅक्सींची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. खासगी गाड्या मात्र कोठें कोठें राहिल्या आहेत. आजोबांची अशी गाडी हातीं आली कीं, तिला आंखूड स्प्रिंगा बसवून जमिनीलगत आणावी, अशी नातवाची मागणी असते. वडिलांस तें निव्वळ खूळ वाटतें. (मोटारीचा परवाना अठराव्या वर्षापूर्वीं मिळत नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांस येथेंच सांगून ठेवतों.) आमच्या मतें दोघांनींही हट्ट बाजूस ठेवून प्रथम स्प्रिंगचें काम समजून घ्यावें.

स्प्रिंगवर जितका भार अधिक तितकी ती अधिक दबते, हा नियम रॉबर्ट हुक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. वरच्या वर्गांतील मुलें तो प्रयोगशाळेंत वजनें टांगून पडताळून पाहतात. आतां गाडीच्या वजनानें स्प्रिंग किती दबली आहे, यावरून ती गाडी सेकंदास किती वेळां डोलेल हें काढतां येतें. दबलेलें अंतर सेंटिमीटरांत घ्यावें, त्याचें वर्गमूळ काढावें आणि ५ या संख्येस त्यानें भागावें. सोळा सें.मी. दबलेल्या स्प्रिंगवर गाडी सेकंदास सव्वा वेळां डोलते, नऊच सें.मी. दबली असेल तर सुमारें १.६६ वेळां. पहिली गति अंगास सुखकर असते. दुसरीनें तरुणास शर्यतीच्या गाडीचा भास होईल, परंतु मागें बसलेल्या आजीची कंबर तिला फार वेळ साहणार नाहीं.

गाडी खालीं आणली म्हणजे चाकास वर उचलण्यास जागा कमी उरते. तोच खड्डा थोडक्या अंतरांत सोसावयाचा, म्हणून आंखूड स्प्रिंग कठीणही करावी लागते. नाहीं तर रबरी ठोकळ्यावर गाडी वारंवार आदळेल. हा कठीणपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतो. १२ मि.मी. ऐवजीं १३ मि.मी. जाडीची तार घेतली, तर बाकी सर्व तेंच असूनही कठीणपणा सुमारें ३८ टक्क्यांनीं वाढतो. डोळ्यांस सारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगांत एवढें अंतर असूं शकतें! म्हणून जो दुकानदार कठीणपणाचा आंकडा सांगूं शकत नाहीं, त्याच्याकडून स्प्रिंग घेऊं नये.

कांहीं लोक पैसे वांचविण्याकरितां जुन्याच स्प्रिंगचें एक वेटोळें गॅसच्या ज्योतीनें कापून टाकतात. हा प्रकार आम्हांस अगदीं अमान्य आहे. काम करणाऱ्या आठ वेटोळ्यांपैकीं एक गेलें तर कठीणपणा फक्त एकसप्तमांशानें वाढतो, परंतु गाडी पुष्कळच खालीं येते. शिवाय ज्योतीनें पोलादाचें पाणी उतरतें, कापलेलें टोंक बैठकींत नीट बसत नाहीं, आणि चाक खड्ड्यावर अधांतरीं झालें कीं स्प्रिंग जागची सरकण्याचें भय राहतें.

स्प्रिंग धक्का साठवून परत देते. तो जिरविण्याचें काम शॉकॲब्सॉर्बरचें. आपले मिस्त्री त्यास शॉकअप म्हणतात. त्याच्या आंतील तेल बारीक छिद्रांतून जोरानें जातें व हालचालीची उष्णता होते. स्प्रिंग कठीण केली आणि शॉकअप मूळचाच, किंबहुना झिजलेला ठेवला, तर चाक रस्त्यावर नाचूं लागतें. जें चाक क्षणभर जमीन सोडतें तें त्या क्षणीं ना वळवितें ना थांबवितें. १८३० सालीं खुला झालेल्या बोरघाटाच्या रस्त्यावर, खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतांना, पावसाळ्यांत धुकें दाटलेलें असतां याचा अर्थ काय होतो, हें पालकांस निराळें सांगावयास नको.

उंची कमी केल्यानें वळणावर गाडी कमी कलते, हें खरें. परंतु किती? गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सें.मी. उंचीवर धरला आणि गाडी ३ सें.मी. खालीं आणली, तर एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूस जाणारा भार जेमतेम साडेपांच टक्क्यांनीं घटतो. उलट हिशेब असा: भारतीय रस्ता परिषदेच्या मार्गदर्शनांत गोल गतिरोधकाची उंची १० सें.मी. व रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे. गांवोगांवीं स्वयंस्फूर्तीनें उभारलेले उंचवटे हें मोजमाप जाणत नाहींत. नाताळच्या सुटींत पांच माणसें व डबे-पिशव्या घेऊन कामशेतहून पवनानगरास किंवा मळवलीहून भाजे लेण्यांकडे निघालें कीं साडेतीनशें किलोंचा भार सहज होतो. त्या भारानें आधींच खालीं आलेल्या गाडीचा चेंबर एका दगडानें फुटला, तर तेल वाहून जाऊन इंजिनच निकामी होईल.

तेव्हां खरेदीपूर्वीं गाडी सपाट जागीं रिकामी उभी करावी, चाकांत योग्य हवा भरावी आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचें अंतर मोजावें. डाव्या-उजव्या बाजूंत फरक निघाला तर एखादी स्प्रिंग थकली आहे. कोपरा हातानें दाबून सोडावा. गाडी एकदां वर येऊन स्थिरावली नाहीं, डोलतच राहिली, तर शॉकअप गेला. पुढच्या आर्मचे रबरी बुश वाळून तडकलेले असतात, तेही पाहावे. पद्मिनीच्या मागील बाजूस कमानपाटे आहेत. त्यांच्या पानांमध्यें गंज धरला म्हणजे पाटा लवचिकपणा सोडून करकरूं लागतो, आणि मालकास वाटतें कीं गाडीची जातच कडक. पाटे उघडून साफ केले, तुटकें पान बदललें व नवे बुश घातले, तर गाडी ओळखूं येणार नाहीं इतकी सुधारते. ह्या कामास खर्चही पुष्कळदां नव्या स्प्रिंगांहून कमीच येतो.

एवढें करूनही हौस उरली, तर पुढच्या स्प्रिंगा व शॉकअप एकमेकांस जुळणारे, एकाच वेळीं, दोन्ही बाजूंस घ्यावे आणि दोन-तीन सें.मी. पलीकडे जाऊं नये. मागची बाजूही त्याच बेतानें उतरवावी. मात्र ब्रेकची नळी ताणली वा घासली जात नाहीं, हें पूर्ण भार घालून पाहावें. नंतर चाकांचें अलाइनमेंट अवश्य करून घ्यावें, कारण पुढच्या आर्मचा कोन बदलल्यानें टायर आंतल्या कडेस झिजतात. आणि मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकानें ठरविलेल्या मूळ रचनेंत फेरबदल करण्यावर बंधन घालतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें बंधन उचलून धरलें. पंधरा वर्षांवरील खासगी गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं तपासणी होऊनच वाढते. त्या दिवशीं निरीक्षक गाडीखालीं वांकून पाहणार आहे.